क्लॅरी मॅडॉक अगदी मजेत आहे

क्लॅरी मॅडॉक मला पहिल्यांदा दिसलाच नाही. दिसला तो भोपळा. ऑस्ट्रेलियातल्या कुराविल गावात आम्ही राहायला आलो त्या सकाळी कुंपणावर एक राखाडी भोपळा उगवला, त्यानं सूर्य झाकला, कोंबड्या संध्याकाळ झाली समजून खुराड्यात शिरल्या आणि त्या ग्रहणामागून आवाज आला, "शेजारी, सूप आवडतं का?" भोपळा ओट्यावर ठेवल्यावर घर पूर्वेकडे कललं, असं माझी बायको आजही शपथेवर सांगते.

भोपळ्यामागचा माणूस मात्र काडीपैलवान. गवतावर चेंडू घरंगळवायचा बोल्स नावाचा खेळ खेळणाऱ्या गावच्या क्लबच्या हिरवळीची देखभाल त्याच्याकडे होती. मुंग्या घसरून पडतील इतकं गुळगुळीत गवत तो कातरायचा. एखाद्या बाईनं उंच टाचांचे बूट घालून हिरवळीवर पाय ठेवला, तर टाच आपल्याच छातीत रुतल्यासारखा कळवळायचा.

त्याची बायको नॉरीन वारली आणि पुढच्या हिवाळ्यात त्यानं सगळ्या खिडक्यांना आतून स्वयंपाकघरातला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद चिकटवला.

आता आमच्या गावाबद्दल एक सांगायला हवं. इथे "कसं काय?" या प्रश्नाला "मजेत" हे एकच उत्तर चालतं. माझ्या सासऱ्यांचा हात गवताचे भारे बांधणाऱ्या यंत्रात अडकला होता, तेव्हा धावत आलेल्या शेजाऱ्याला तेही "मजेत, तुझं काय?" असंच म्हणाले. त्यामुळे क्लॅरीच्या खिडक्या पाहून आम्ही म्हणालो, "ऊन फार आहे हो यंदा." तो रस्त्यानं उलटा, मागे बघत चालू लागला तेव्हा म्हणालो, "व्यायाम चांगलाच."

एकदा दुपारी मी मटणाचा पाय घेऊन त्याच्याकडे गेलो. पाय म्हणजे आमच्याकडची ती सारण भरून भट्टीत भाजलेली खारी; माझी बेकरी आहे. दार किलकिलं झालं.

"बूट काढ. हळू बोल."

क्लॅरी न्हाणीघरात राहायला गेला होता. लोखंडी टबात उशी, गोधडी, विजेरी. तो टबात बसला आणि मला संडासाच्या झाकणावर बसवलं.

"लोखंडातून त्यांना ऐकू जात नाही," तो कुजबुजला.

"कोणाला रे?"

त्यानं छताकडे बोट केलं. "मला न्यायला आलेत. आधी एकाला खाली पाठवतील. मीटर बघायला आलोय म्हणून सांगेल तो."

मी हसणार होतो. तेवढ्यात छतात काहीतरी जड सरपटत गेलं. पॉसम असणार, घरांच्या छतात शिरणारा इथला मांजराएवढा प्राणी. पॉसमच होतं. पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला आणि नंतर मीसुद्धा कुजबुजतच बोलत राहिलो. निघताना दारात सवयीनं विचारलं, "मग, बाकी कसं काय?"

"मजेत," क्लॅरी म्हणाला. त्याचे दात कडकड वाजत होते.

आणि पुढच्याच आठवड्यात मीटर बघायला माणूस खरोखरच आला. मागच्या फाटकानं, शीळ घालत. क्लॅरीनं दाताळ्याचा दांडा घातला आणि त्या बिचाऱ्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मग त्याच्याशेजारी मातीत बसून, टोपीनं वारा घालत, पोलीस येईपर्यंत क्लॅरी रडत राहिला.

मारहाणीचा गुन्हा दाखल झाला. फुकट काम करणाऱ्या सरकारी योजनेतल्या वकीलबाईंनी आम्हाला समजावलं की क्लॅरी आजारी आहे हे दंडाधिकाऱ्यांना पटलं, तर ते खटला उपचारांकडे वळवतील. औषधं, डॉक्टर, नर्सच्या भेटी. वर्षभर ते नीट पाळलं की संपलं. नाही पटलं, तर तुरुंग. कुलूपबंद खोली आणि वर छत. क्लॅरी त्यातून जिवंत बाहेर येणार नाही, हे मला तिथेच, त्यांच्या टेबलासमोर कळलं.

"त्याला ओळखणारी माणसं आणा," बाई म्हणाल्या. "काय दिसलं ते सांगू देत."

हा निरोप मी क्लबात पोचवला. अध्यक्ष व्हर्न पॅस्को, छातीच्या आधी पोट पोचणारा गृहस्थ, टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "आपल्या माणसाला कोण वेडा ठरवतो बघतोच!"

तारखेला अख्खा क्लब बिल्ले लावलेले कोट घालून कोर्टात हजर. बायकांनी खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक आणले होते, दंडाधिकाऱ्यांसाठीसुद्धा. क्लॅरीला त्यांनी न्हाऊमाखू घालून, भांग पाडून, नॉरीननं घेतलेला टाय बांधून बसवलं होतं. इतका शहाणा तो आयुष्यात कधी दिसला नव्हता.

व्हर्न उभा राहिला. "साहेब, क्लॅरीचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठिकाणावर आहे."

"ऐका, ऐका!" मागून कोट ओरडले.

पोलिसांचा वकील खुशीत आला. "म्हणजे दांडा घातला तो शुद्धीवर राहून, विचार करून?"

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. दंडाधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "मिस्टर मॅडॉक, तुम्हीच सांगा. कसे आहात?"

कोर्टाच्या छतात वातानुकूलन यंत्र घरघरत होतं. क्लॅरीची नजर तिथे खिळली होती. टायची गाठ वरखाली होत होती.

"मजेत, साहेब," तो म्हणाला.

दंडाधिकाऱ्यांनी चहाची सुट्टी दिली. व्हरांड्यात क्लॅरीला तपासणारी कोर्टाची नर्स मेले फोनुआ आमच्यापुढे येऊन उभी राहिली. पॅसिफिक महासागरातल्या टोंगा बेटांवरची बाई, व्हर्नपेक्षा वीतभर उंच.

"काय मंडळी, झालं समाधान?" ती म्हणाली. "टाळ्या वाजवत पाठवताय काकांना तुरुंगात."

"आम्ही त्याची बाजू घेतली!"

"बाजू? मला ते सांगतात झोप छान लागते, भूक छान लागते. तुम्हीही तेच सांगता. माझ्या एकटीच्या शब्दावर किती चालणार? तुमच्यापैकी एकालाही काही दिसलं नाही?"

लॅमिंग्टनचा डबा या हातातून त्या हातात फिरत राहिला, कोणी खाल्लं नाही. आत पुकारा झाला. मला वाटलं, आता संपलं.

व्हर्न न विचारताच उभा राहिला. पोट आत, मान खाली.

"साहेब, मघाशी मी खोटं बोललो. त्याच्या शेडमधली कुऱ्हाड मी उचलून घरी नेली. दोरही नेला. रोज संध्याकाळी त्याच्या घरासमोर गाडी लावून बसतो. तो टबात झोपतो. तो... आम्हाला त्याची भीती वाटते, साहेब. आणि त्याच्यासाठीही."

मग एकेक कोट उठला. कोणी त्याच्या दारात जेवण ठेवत होतं, कोणी छतात आवाज येतो म्हणून गुपचूप शिडी लावून पाहून आलं होतं. मीही टबाबद्दल सांगितलं. सगळ्यांना सगळं माहीत होतं.

क्लॅरी वळून एकेकाकडे बघत होता. आम्हाला त्याची नजर झेपेना.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना माहीत होतं, आणि तरी मला 'कसं काय' विचारत होतात..." तो म्हणाला. मग मेलेकडे वळला. "बाई, ते आत्ताही बोलतायत. वर. तुम्हाला ऐकू येतंय का?"

"नाही काका," मेले म्हणाली. "पण तुम्हाला येतंय, हे ऐकलं मी."

खटला उपचारांकडे वळला. इंजेक्शनं लागू पडली. वर्षभरात एकही भेट चुकली नाही आणि त्याला पुन्हा कोर्टात जावं लागलं नाही. वर्ष संपल्यावर क्लॅरीनं घर विकलं आणि तो किनाऱ्याकडच्या कुठल्याशा गावी राहायला गेला. पत्ता त्यानं आमच्यापैकी कोणालाच दिला नाही.