पगारेची शनिवारची शिफारस

किस्से आणि कांदे सारखेच. कांदाचाळीत रचून ठेवताना वाटतं, आता यांना कोण हात लावतंय! पण एक काढायला जावं, तर चार घरंगळत पायाशी येतात. नाशिक रोडच्या एका सरकारी ऑफिसात मी बरीच वर्षं टायपिस्ट होते, आणि माझ्या चाळीतले बहुतेक कांदे एकाच शेतातले. त्या शेताचं नाव अशोक पगारे.

पगारे आवक-जावक टेबलावर. म्हणजे आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. पण ते आपलं पोटापुरतं. खरा तो नकलाकार! भीमजयंतीला वस्तीतल्या स्टेजवर सुरुवात केली, पुढे गणपती, गॅदरिंग, हळदीचे कार्यक्रम, जिथे माइक दिसेल तिथे. स्टेजवर भीती नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "मी कशाला घाबरू? समोर बसलेल्यांनी घाबरावं. कुणाची नक्कल करीन, सांगता येत नाही."

*

ऑफिसच्या दारात एक फळा होता. त्यावर रोज सुविचार लिहायचा, ही साहेबांची आज्ञा. काम शिपाई रामभाऊंचं, आणि रामभाऊंना सुविचार तीनच पाठ. 'वेळ अमूल्य आहे' हा तर आम्हाला झोपेतही दिसायचा. एका शनिवारी रामभाऊ रजेवर होते आणि खडू पगारेच्या हाती लागला. त्याने लिहिलं:

'शिफारस : देवळालीच्या रस्त्याला एक न्हावी आहे. दाढी करताना एक शब्द बोलत नाही. अवश्य पाहावे.'

शनिवारी हाफ डे. दुपारी घरी जायच्या ऐवजी आमच्यातले सात-आठ पुरुष सायकली काढून थेट देवळालीच्या रस्त्याला! खुर्चीवर एक गिऱ्हाईक, तोंडाला फेस, आणि दारात हे सगळे आ वासून उभे. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला आणि विचारलं, कोण वारलं? कुणी काही सांगेना, तसा त्याचा धीर सुटला. मग गिऱ्हाईकाच्या तोंडावरचा फेस वाळेपर्यंत तो बोलत होता. त्याची सासुरवाडी, त्याचा गुडघा, देवळालीचं पाणी, सगळं झालं.

सोमवारी सगळ्यांनी पगारेला घेरलं. त्याने शांतपणे शिक्का मारला. "माझ्यासमोर गप्पच होता. तुम्ही बिघडवलंत त्याला."

*

आता आमच्या साहेबांविषयी सांगायला हवं. माणूस सरळ, पण इतका सरळ की वाकायची सोयच नाही. 'शिफारस' या शब्दाचं त्यांना वावडं. भरतीच्या वेळी कुणी पुढाऱ्याची चिठ्ठी आणली की उमेदवाराचं नाव तिथल्या तिथे बाद! मग तो कितीही हुशार असो. आणि तोच शब्द यांच्या दारातल्या फळ्यावर!

पगारेला केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मी टाइप करायची थांबले. साहेब म्हणाले, दुसरा शब्द वापरा, 'सूचना' लिहा. पगारे म्हणाला, "साहेब, शिफारस वाईट नसते. कशाची करतो, त्यावर असतं. मी स्वतः बघून हसलो, तेवढंच लिहीन." साहेबांनी थोडा वेळ टेबलावर पेन्सिल वाजवली. मग अट घातली. यापुढे एक जरी शिफारस खोटी निघाली, तरी फळा बंद आणि पगारे सुरगाण्याला.

सुरगाणा म्हणजे डोंगरापलीकडे. तिथे बदली झालेला माणूस आम्हाला पुढे फक्त लग्नपत्रिकेतून भेटायचा. पगारेची मुलं इथल्या शाळेत, आई आजारी. पण बाहेर आला तो हसत. म्हणाला, "चला, साहेबही वाचतात फळा."

*

एकदा शिफारस आली, 'मालेगावात लाइट जाते तेव्हा काय ऐकू येतं, ते ऐकावे.' पगारेसोबत मी, माझे मिस्टर आणि अकाउंट्सचे कुलकर्णी असे रविवारी एसटीने गेलो. मागांच्या गल्लीत एका हॉटेलात बसलो. दोन्ही बाजूंना यंत्रमागांचा खडखडाट, शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. तिथली माणसं ओठ बघून आरामात गप्पा मारत होती. आम्हाला कुठलं जमतंय? आम्ही आपले किंचाळत होतो.

कुलकर्णींना तेवढ्यात साहेबांची आठवण झाली. कुलकर्णींचं प्रमोशन त्यांच्याकडे अडलेलं होतं. ते बेंबीच्या देठापासून ओरडून सांगायला लागले, "आमचा साहेब म्हणजे एक नंबरचा..." आणि लाइट गेली.

सगळे माग एका क्षणात थांबले. पुढचा शब्द अख्ख्या मालेगावाने ऐकला. तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्या शांततेत कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या विणकराने बशीतला चहा संपवला आणि अदबीने म्हणाला, "आप के साहब को हमारा सलाम बोलना."

*

पगारेने मलासुद्धा सोडलं नाही. माझ्या सासूबाई रेडिओशी बोलायच्या. निवेदक 'नमस्कार' म्हणाला की यांनी पदर सारखा करून 'नमस्कार' म्हणायचं. त्याचा घसा बसला की आलं घे म्हणून सांगायचं. मी हे डबा खाताना सहज बोलून गेले, आणि पगारे एक दिवस मिस्टरांना भेटायच्या निमित्ताने घरी येऊन स्वतः बघून गेला. पुढच्या शनिवारी फळ्यावर माझ्या घराचा पत्ता!

संध्याकाळी पंधरा-वीस माणसं दारात. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. साहेबांची अट डोळ्यांपुढे होती. सासूबाई पाव्हण्यांना बघून बुजल्या आणि गप्प बसल्या, तर पगारेचं गाठोडं बांधायची वेळ. बातम्या लागल्या. सासूबाईंनी सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि रेडिओला म्हणाल्या, "आज लवकर आटप रे बाबा, घरात मानसं आलीत."

*

पण त्या सगळ्यांवर ताण म्हणजे नामपूरचा किस्सा.

आमच्याकडे क्लार्कची एक जागा निघाली. सोमवारी मुलाखती, घेणार स्वतः साहेब. आदल्या शनिवारी सकाळी एक पागोटेवाले गृहस्थ कांद्याची पिशवी घेऊन आले. मागे वीस-बावीस वर्षांची मुलगी, नाव सुमन. गृहस्थ नामपूरच्या कांदा बाजारात मापारी, म्हणजे माल तोलून वजन पुकारणारे. त्यांनी हात जोडून पगारेला अहिराणीत विचारलं, "शिफारस देणारा सायेब तुम्हीच शेतस का?"

झालं होतं असं, की नाशिक रोडला एक साहेब दर शनिवारी शिफारस देतात, उघड फळ्यावर देतात आणि फुकट देतात, ही कीर्ती पार त्यांच्या बागलाण तालुक्यात पोचली होती! "मनी पोरना इंटरव्ह्यू शे. एक शिफारस लिखी द्या," मापारी म्हणाले.

आम्हाला हसूही येईना. ही गोष्ट केबिनमध्ये कळली असती, तर पोरीचं नाव बाद. आणि त्या पोरीला हे ठाऊक होतं. ती मान खाली घालून वडिलांना हळूच म्हणत होती, अण्णा, चला ना. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं. शिकलेली मुलगी, बापाचं मन मोडवत नाही म्हणून स्वतःच्या नुकसानीच्या दारात येऊन उभी.

पगारेने दोघांना कॅन्टीनमध्ये नेलं, चहा पाजला. मग सुमनला विचारलं, नामपुरात बघण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, लिलाव. कसा असतो, असं विचारल्यावर आधी लाजली, मग उठून उभी राहिली. पुकारणाऱ्याचा खर्जातला आवाज, नाकात बोलणारा व्यापारी, करकरणारी बैलगाडी, आणि शेवटी डोळे मिटून वजन पुकारणारे तिचे अण्णा! कॅन्टीनवाल्याच्या हातून दूध उतू गेलं. अण्णा तर बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांनीही हे ऐकलं नव्हतं. पगारे डोळे पुसत उठला आणि खडू घेऊन फळ्यापाशी गेला.

मी मागून म्हटलं, पगारे, लिहू नका. त्याने फळा पुसला. मग लिहिलं:

'या आठवड्यात शिफारस नाही. गरज नाही.'

अण्णांचा चेहरा उतरला. पगारेने कांद्याची पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "अण्णा, मी शिफारस केली की चांगलं चाललेलं बिघडतं. त्या न्हाव्याला विचारा." आणि सुमनला एवढंच सांगितलं, की साहेब जे विचारतील त्याचं खरं उत्तर दे, आणि पुरतं दे.

सोमवारी सुमन आत गेली, तशी सगळ्या ऑफिसला केबिनशेजारच्या कपाटातल्या फायली हव्या झाल्या. साहेबांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "शिफारस कोणाची?"

"मागायला आलो होतो, साहेब. पगारे साहेब नाही म्हणाले. बाहेर फळ्यावर लिहिलंय."

माझ्या हातातली फाइल उलटी होती, ते मला मागाहून कळलं. पगारेचा चेहरा पहिल्यांदाच पांढरा पडलेला बघितला. साहेब बाहेर आले. फळ्यासमोर चष्मा लावून उभे राहिले. वाचलं, आत गेले, आणि दार लावून घेतलं. नंतर दाराआडून त्यांचा आवाज आला. वडील मापारी म्हणजे नेमकं काय करतात?

थोड्या वेळाने केबिनमधून बैलगाडी करकरली.

साहेब हसले की नाही, ते आजवर कुणाला ठाऊक नाही. सुमन बाहेर आली, नमस्कार करून निघून गेली. फळ्यावर पुन्हा 'वेळ अमूल्य आहे' सुरू झालं. पगारेला आपणहून शिफारस लिहायचा धीर होईना, आणि आम्हाला शनिवार सुना वाटायला लागला.

मग एका शनिवारी मी लवकर पोचले. रामभाऊ फळ्यासमोर हातात फडकं धरून उभे होते, पुसू की नको अशा विचारात. अक्षर वळणदार होतं, शिरोरेघ पट्टीने ओढल्यागत सरळ, आणि खाली सही होती. ती सही आम्ही सगळे बदलीच्या ऑर्डरींवरून ओळखत होतो.

'शिफारस : आवक-जावक टेबलावर पगारे यांच्या शेजारी आजपासून नवीन बाई रुजू होत आहेत. अवश्य ऐकावे.'