नॉनस्टॉपमध्ये न मावलेले मामू

मामू एक गाणं लावेपर्यंत दुसऱ्या स्टेशनवर दोन गाणी वाजून व्हायची. आमच्या अकोल्याच्या एफएमवर सकाळचा फर्माईशींचा कार्यक्रम ते करायचे. फोन अकोटहून आला की आधी तिकडे कापूस बाजारात आला का याची चौकशी, मग फोन करणारीच्या सासूचे गुडघे, मग जावयाला सलाम, आणि मग कुठे गाणं! मी कार्यक्रमप्रमुख. काचेपलीकडून हात जोडायची, डोळे वटारायची. मामूंचं लक्षच नाही. बाहेर आले की म्हणायचे, "बेटा, गानं तं मोबाइलातबी वाजते. मोबाइल सासूच्या गुडघ्याचं पुसते काय?" मी कपाळावर हात मारून घ्यायची.

कार्यक्रम संपवताना त्यांचं वाक्य ठरलेलं असायचं, "चला, असलो तं उद्या बोलू." मला ते अजिबात आवडायचं नाही. सकाळी सकाळी कशाला अभद्र बोलता, म्हणून मी कितीदा तरी कावले. "अभद्र काय त्याच्यात? सांगून ठेवलेलं बरं असते," असं म्हणून ते बाळापूरची बस गाठायला निघायचे.

मग मुंबईहून हुकूम आला. आता स्टेशन नॉनस्टॉप. गाण्यामागे गाणं, मध्ये कोणी बोलायचं नाही, गाणी कॉम्प्युटर लावणार. उद्घाटनाला फुगे आले, केक आला, आम्हाला रोज घालायला एकसारखे टी-शर्ट आले. मामूंनी तो कुडत्यावरूनच चढवला. मुंबईचे साहेब म्हणाले, मामूंना सध्या ऑफिसातले फोन घेऊ द्या. हे 'सध्या' मी चांगलं ओळखून होते. सकाळी एक मिनिट तरी त्यांना बोलू द्या, असं मी साहेबांच्या मागे लागले. त्यांचं रोज एकच, "बघू." मीटिंगांनी जीव नुसता विटून गेला होता. मामूंना माइक परत मिळावा, एवढंच मला हवं होतं.

त्याच आठवड्यात पातूरची इंदूबाई नवऱ्याला घेऊन टेम्पोने स्टेशनवर आली. यांचा फुलांचा मळा. सकाळी हार गुंफताना मामूंचा कार्यक्रम ऐकणारी ही माणसं. नवऱ्याच्या हातात गुलाबांची चादर, कबरीवर घालतात तशी. बाई रडत रडत मला विचारत होती, "मामूचं घर कुठीसा आहे वं? मातीले तं पोचलो नाई, फुलं तरी घालून येतो." मी काही बोलणार तेवढ्यात आतून मामूच आले.

"अवं बाप्पा!" इंदूबाई किंचाळलीच. "मामू, जित्ते हा तुमी?"

"हाव ना. कावून वं?"

"मंग बोलून कावून नाई राहिले? असलो तं बोलू म्हनत होते. बोलले नाई, तं आमाले वाटलं..." नवरा खाली मान घालून म्हणाला, "आमी तं गावात साऱ्याइले सांगूनबी टाकलं."

मामू आधी पोट धरून हसले. मग सगळ्यांना चहा मागवला आणि चादर मांडीवर घेऊन बसले. त्यानंतर मात्र बराच वेळ ते बोललेच नाहीत. मामू आणि गप्प! मला ते बघवेना. मी आत जाऊन मुंबईला फोन लावला आणि साहेबांना झाला प्रकार सांगितला. तेही हेलावले असावेत. म्हणाले, "ठीक आहे, द्या त्यांना सकाळचं एक मिनिट."

मी धावतच बाहेर आले. मामूंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नको बेटा. लोकं माह्यासाठी रडून मोकळे झाले. घरचे नाई रडत असे रडले. आता एका मिनिटासाठी मी पुन्हा जित्ता कावून होऊ? मिनिट झालं का कॉम्प्युटर मले रोजच मारन."

मी भांडले, खूप भांडले. एवढी धडपड केली ती काय मसणात घालायला, असंही तोंडून गेलं. मामू नुसते हसले. टी-शर्ट काढून घडी करून माझ्या हातात दिला, चादर खांद्यावर टाकली आणि इंदूबाईच्या टेम्पोत बसून गेले. परत आले नाहीत.

ते मिनिट मात्र मंजूर झालेलं होतं. रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मुंबईने तिथे पंख्याची जाहिरात टाकली. रोज सकाळी ती लागते. मी हेडफोन काढून ठेवते, आणि मला मामूंची फार आठवण येते.