आधी चिखल, मग रंग

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे निघालं की पहिल्या मोठ्या वळणाआधी महिपतचं गॅरेज लागतं. पाटी नाही. ज्याचा जुना ट्रॅक्टर रुसलाय त्याला ते बरोबर सापडतं, आणि ज्याला नुसता मिरवायचाय त्याला सापडूच नये, असं महिपतचं मत.

साठी उलटलेल्या या माणसाचे नियम सगळ्या गावाला पाठ. आधी इंजिन, मग ब्रेक, मग सीट. रंग सगळ्यात शेवटी, आणि तोही ट्रॅक्टरने अख्खा दिवस भातखाचरात चिखलणी केल्यावरच. मालकाच्या हातून बॉनेटला पडलेला पोचा तो काढत नाही. "तो त्याचा तीळ हाय," म्हणतो. त्याची बायको आवडी म्हणते, "एवढी पारख माझ्या बापानं जावयाची केली असती, तर मी आज बिरवाडीच्या बाजारपेठेत नांदत असते."

दासगावच्या रुचिरने आजोबांचा ट्रॅक्टर आणला, तेव्हा त्यात सावित्री नदीच्या पुराचा गाळ होता आणि सीटखाली खेकड्याने संसार थाटला होता. चार महिने खपून महिपतने त्याचं इंजिन बोलतं केलं. मग रुचिर उगवला. हिरकणीवाडीला त्याचं रिसॉर्ट उघडायचं होतं.

"काका, मस्त लाल रंग मारा. गेटवर ठेवायचाय, सेल्फीसाठी."

"चिखलणी झाली नाय."

"अहो, तो चालणारच नाहीये! नुसता उभा राहणार!"

"मग इंजिन कशाला करवलंस? पुतळा आणायचा."

"महाडला एक जण दोन दिवसांत रंगवून देतोय. उद्या दुपारी क्रेन आणतो."

रुचिर तणतणत गेला. ट्रॅक्टर गेटवर दोन पावसाळे उभा राहिला की इंजिन पुन्हा जाम होणार, हे महिपतला पक्कं माहीत.

"जाऊ द्या," आवडी म्हणाली. "ट्रॅक्टर त्याचा हाय."

"ट्रॅक्टर त्याचा. काम माझं हाय."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो ट्रॅक्टर घेऊन थेट दासगावला निघाला. रुचिरच्याच पाणी साचलेल्या पडीक खाचरात उतरला आणि फोन लावला, "क्रेन हिकडंच आण."

रुचिर आला. पांढऱ्या बुटांमुळे बांधावरूनच ओरडत राहिला, "काका, बाहेर या! कुणाला विचारलंत?" महिपतने इंजिनाचा आवाज वाढवला. क्रेनवाल्या भिकाजीने बांधावर बसून वडापावची पुडी सोडली आणि म्हणाला, "शेठ, ह्याला उचलू कशाला? चालतोय की झ्याक!"

दिवस कलला तेव्हा खाचर लोण्यासारखं झालं होतं. चिखलाने माखलेला महिपत वर आला.

"आता बोल. कंचा लाल?"

रुचिरचा घसा ओरडून बसला होता. "कुठलाही," तो पुटपुटला.

"मारतो. पण दर पंधरवड्याला मी गेटवर येऊन ह्याला चालू करणार. तुझं पाव्हणं फोटो काढत असलं तरी."

"अहो, धूर होईल!"

"होणारच," असं म्हणून महिपत पुन्हा सीटवर चढला. खाचराचा एक कोपरा राहिला होता.