धाकूची तिथी

वनमाला खवणेकर कुळशोध मंडळात गेली ती काही पूर्वजांच्या ओढीने नव्हे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. साठी उलटेपर्यंत पूर्वजांना वर्षातून एकदा पान वाढण्यापलीकडे तिने त्यांची कधी विचारपूस केली नव्हती. अठ्ठावीस वर्षं पार्ल्याच्या बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहिलेली बाई ती. लग्न केलं नाही. बोरीवलीच्या दोन खोल्यांत भाऊ देवेश, वहिनी शीतल आणि त्यांची निधी, एवढाच तिचा संसार. देवेश कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत पाच दिवसांत गेला. शीतल मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागली, आणि निधी आत्याच्या पदरात पडली.

पोरगी हुशार. सरकारी कॉलेजात फिजिओथेरपीला नंबर लागला, पण लागला तो राखीव जागेवर. जातीचा दाखला होता, त्याची पडताळणी झालेली नव्हती. सहा महिन्यांत वैधता दाखला आणून देते, नाही आणला तर प्रवेश रद्द झाला तरी तक्रार नाही, असं हमीपत्र निधीने लिहून दिलं. लिहून देताना सहा महिने म्हणजे फार वाटतात.

घोडं अडलं ते कागदापाशी. समितीला एकोणीसशे सदुसष्टच्या आधीचा, बापाच्या बाजूचा, जात लिहिलेला कागद हवा होता. वनमालाच्या वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीपुढे नुसतं ‘हिंदू’ होतं. त्यांचे वडील धाकू, म्हणजे वनमालाचे आजोबा, गिरणीत होते. ती गिरणी पाडून तिथे टॉवर उभा राहिला, कागद कुठे गेले ते कोणालाच ठाऊक नाही. गाव मालवणकडचं आंबेखोल, पण आजोबांनी ते कधी कोणाला दाखवलंच नाही. “थंय आपला कोण नाय,” एवढं म्हणून तोंड फिरवायचे. वनमाला एकदा एकटीच एसटीने जाऊन आली. वाडीत खवणेकरांची घरं बंद होती, शाळेत म्हणाले, आजोबांच्या वडिलांचं नाव सांगा. तेच तर तिला माहीत नव्हतं.

झेरॉक्सवाला तिची दगदग रोज बघत होता. तो म्हणाला, “मावशी, पार्ल्याला त्या म्हाताऱ्यांच्या मंडळात जा ना. टाइमपास म्हणून खापरपणजोबा शोधतात ते लोक. तुमचं काम झालं तर झालं.”

मंडळ दर रविवारी एका शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, चौथीच्या वर्गात भरायचं. वीस-पंचवीस माणसं, बहुतेकांचे गुडघे गेलेले, आणि बसायला चौथीतल्या पोरांचे बाक. बँकेतून निवृत्त झालेले हर्षद सर मोडी शिकवायचे. अंबोलीचा क्लेमेंट चर्चच्या जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्या कशा वाचायच्या ते सांगायचा. म्हाताऱ्या नातेवाइकांना बोलतं कसं करायचं, फोनवर आवाज कसा भरून घ्यायचा, याचाही एक तास असे. सरांचे दोन नियम होते. नाव आधी पेन्सिलीने लिहायचं, दोन पुरावे मिळाले की मगच शाईने. आणि जुन्या कागदावर शक दिसला की त्यात अठ्ठ्याहत्तर मिळवायचे, म्हणजे इसवी सन येतं. हा हिशोब सर उठताबसता करून घ्यायचे. कोणी शक उच्चारला की अख्खा वर्ग मनातल्या मनात बेरीज करायला लागे.

वनमालाला पहिल्या दिवशी या सगळ्याचा राग आला. ही माणसं हौस म्हणून आली होती, तिच्या मानेवर सुरी होती. पण जायला दुसरी जागा नव्हती. ऑक्टोबरपासून ती एकही रविवार चुकली नाही. मोडी तर तिने अशी धरली की सर थक्क झाले. जानेवारीपर्यंत ती भल्याभल्यांना न उलगडणारा कागद सावकाश, बोट ठेवून वाचायला लागली. कागद मात्र दुसऱ्यांचे, तिचा स्वतःचा एकही नाही.

वर्गाच्या भिंतीवर गावांप्रमाणे वंशावळींचे तक्ते लावलेले असत. आंबेखोलच्या पाटीखाली दोन तक्ते होते. एक वनमालाचा, त्यात सगळ्यात वर पेन्सिलीने धाकू, खाली शाईने वडील, जन्म १९४३. दुसरा मुलुंडच्या शकुचा, माहेरची खवणेकर. ती मुलीच्या बाळंतपणासाठी तीन महिने नाशिकला होती. जानेवारीत परत आली आणि वनमालाच्या तक्त्यासमोर उभी राहिली ती हलेचना.

शकुच्या तक्त्यातही एक धाकू होता. धाकू सोनू खवणेकर, १९३७ साली मुंबईला गेला, पुढे प्रश्नचिन्ह. तिचे आजोबा. तिच्याकडे त्यांचा शाळेचा उतारा होता, वर्ष १९२१, जातीच्या रकान्यात जात स्वच्छ लिहिलेली. एक गाव, एक आडनाव, एक नाव, दोघेही गिरणीत. सगळा वर्ग त्या दोन तक्त्यांभोवती गोळा झाला.

“म्हणजे हेनी हयसर दुसरा घर केल्यान,” शकु म्हणाली. “माझी आजी द्रौपदी एक्याण्णव साली गेली. तोपर्यंत रोज कुंकू लावल्यान. आज येतलो, उद्या येतलो. आणि हो हयसर बायको करून बसलो.”

वनमालाला वाईट वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. कागद मिळाला होता. नुसता कागद नव्हे, शकुच्या भावाच्या मुलाला, राजेशला, वैधता दाखलाही मिळालेला होता, आणि रक्ताच्या नात्यातला दाखला म्हणजे अर्धी लढाई जिंकली. दोन रविवार शकु तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या रविवारी आपणहून जवळ येऊन बसली आणि म्हणाली, “पोरीचा काय गुन्हा? राजेशाक सांगलंय मी. प्रतिज्ञापत्र देतलो तो.” वनमालाने चारचौघांत तिचे पाय धरले.

एक गोष्ट तिला तेव्हाच टोचली होती, खोटं कशाला सांगा. उताऱ्यावर लिहिलं होतं, धाकू चौथी पास. आणि तिचे आजोबा जन्मभर अंगठा उठवायचे. तिने तो विचार तिथल्या तिथे दाबून टाकला.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी मंडळात ‘घरातली वस्तू’ आणायची होती. त्याच दिवशी शकु राजेशचं प्रतिज्ञापत्र आणणार, आणि बुधवारी निधीची समितीपुढे शेवटची तारीख. शुक्रवारी दुपारी जेवणं उरकून वनमालाने देव्हाऱ्याखालची डबी काढली. तीत आजोबांचा गिरणीचा पितळी बिल्ला होता. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लावायचं आणि होता त्याच कागदात गुंडाळून परत ठेवायचा, अशी घरची रीत. तो कागद पिवळा पडलेला, त्यावर शाईचे किरटे मोडी फराटे. साठ वर्षं तिने त्याच्याकडे बिल्ल्याचं वेष्टण म्हणूनच पाहिलं होतं. आज तिचं बोट आपोआप ओळीखाली गेलं.

पहिली अक्षरं निघाली ती ‘गं. भा. द्रौपदी यांस’.

तिने चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. गंगा भागीरथी बायकोला लिहीत नाहीत, विधवेला लिहितात. पुढचं वाचायला तिला दीड तास लागला. पत्र कोणा लिहिणाऱ्याकडून लिहून घेतलेलं होतं. मजकूर असा, की तुमचे यजमान धाकू सात दिवस तापाने फणफणले आणि मार्गशीर्ष वद्य अष्टमीस, शके १८६०, शिवडीच्या खोलीत वारले. जवळ मी होतो. शेवटी विचारत होते, पोर चालू लागला काय. आपण एका वाडीतले, एका पंगतीला बसणारे, म्हणून पदर पसरतो. मला काम नाही. त्यांच्या बिल्ल्यावर त्यांच्या नावाने मी कामाला जातो आहे. गावात बोभाटा झाला तर माझं काम जाईल. मला क्षमा करावी. खाली अंगठ्याचा ठसा, आणि शेजारी ‘लवू’.

पत्र टाकलंच नव्हतं. लिहून घेतलं आणि टाकायची छाती झाली नाही. मग बिल्ला त्यात गुंडाळला आणि लवू जन्मभर धाकू होऊन जगला. मुलाच्या बापाचं नाव म्हणून धाकू, रेशनकार्डावर धाकू, मेल्यावर पिंडही धाकूच्या नावाने.

वनमाला ओट्यापाशी गेली, गॅस पेटवला आणि कागद ज्योतीजवळ नेला. वाचणारी ती एकटी होती. आणि खोटं तरी असं केवढं होतं? एका वाडीतले, एका पंगतीचे, जात तीच. निधी कोणाच्या ताटातलं ओढत नव्हती. तिच्या पणजोबाचं नाव जगात कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं, एवढाच तिचा अपराध. हाताला चटका बसला तसा तिने कागद मागे घेतला. जाळवेना. मग गॅस बंद करून तिथेच फरशीवर बसली आणि रडली, घरात कोणी नाही म्हणून मोठ्याने रडली. डोळे पुसले तेव्हा तिचं ठरलं होतं. सांगायचं नाही. बुधवार जाऊ दे.

रविवारी निधीही फाईल घेऊन आली, सगळ्यांना पेढे द्यायचे म्हणून. शकुने पर्समधून प्रतिज्ञापत्र काढून बाकावर ठेवलं, दाखल्याची प्रत त्याखाली. हर्षद सर शाईचं पेन घेऊन तक्त्याशी उभे, दोन्ही धाकू एका रेघेने जोडायला. वनमालाचा हात प्रतिज्ञापत्रावर पोचायचाच होता.

“एक सांग मगे,” शकु म्हणाली. “आजोबांची तिथी कधी करतात तुमच्यात? इतकी वर्षं गेलो की जितो तेच ठाऊक नाय, म्हणून आमच्यात पानच वाढलेला नाय कधी. आता राजेश करतलो. आजयेच्या जीवाक शांती मेळतली.”

उत्तर सोपं होतं. भाद्रपद शुद्ध दशमी. लवूची तिथी, जी घरात पंचेचाळीस वर्षं धाकूची म्हणून चालत आली. ती सांगितली की बुधवार पार पडत होता. वनमालाने तोंड उघडलं, आणि तिला तो शिवडीच्या खोलीतला माणूस दिसला, पोर चालू लागला काय म्हणून विचारणारा. त्याचं नाव घेतलं, काम घेतलं, आता दिवसही घ्यायचा. त्याची तिथी साऱ्या जगात तिच्या एकटीच्या डोक्यात होती. ती मेली की तीही गेली.

“मार्गशीर्ष वद्य अष्टमी,” ती म्हणाली.

“आत्या, काय बोलतेस यार,” निधी हसून म्हणाली. “आपण तर गणपतीत करतो ना?”

सरांनी सवयीने विचारलं, “शक ठाऊक आहे?”

अजूनही विसरले म्हणता आलं असतं. “अठराशे साठ,” वनमाला म्हणाली.

अख्ख्या वर्गाने अठ्ठ्याहत्तर मिळवले. क्लेमेंटचे तर ओठ हलताना दिसले. एकोणीसशे अडतीस. आणि समोर तक्त्यावर, वनमालाच्याच अक्षरात, शाईने, तिच्या वडिलांचा जन्म एकोणीसशे त्रेचाळीस. सरांनी पेनाला टोपण लावलं. निधीच्या हातातला पेढ्यांचा पुडा तसाच राहिला.

वनमालाने पिशवीतून बिल्ला काढला, त्याभोवतीचा कागद सोडवला आणि वाचून दाखवला. सगळा वाचला.

शकुने आपल्या तक्त्यावरच्या प्रश्नचिन्हाकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे दुसरा घर केल्यान नाय.”

“नाही. दीड वर्षात गेले ते. यायचेच होते.”

शकुने पदर तोंडाला लावला आणि तशीच बसून राहिली. तिचे खांदे हलत होते. मग तिने प्रतिज्ञापत्राची घडी घातली, पर्समध्ये ठेवली. रागाने नाही. ठेवताना वनमालाकडे बघितलंसुद्धा नाही, कारण बघवलं नसतं. “ह्या आता चालायचा नाय गो,” ती म्हणाली. “खोटा होतला.”

“हो.”

“तुझ्या आजोबांचा नाव काय म्हणालंस?”

“लवू.”

“लवू कोण? आडनाव? बापाचा नाव?”

वनमालाने कागद उलटा करून पाहिला, जणू आत्तापर्यंत तो तिने शंभरदा उलटा करून पाहिला नव्हता. मागे बिल्ल्याचा गोल डाग होता आणि कुंकू. “नुसतं लवू आहे,” ती म्हणाली. “आणि अंगठा.”

गावात विचारता येईल, कोणी म्हातारं जिवंत असलं तर कळेलही, वेळ लागेल पण, असं सर काहीतरी बोलत होते. निधी बाकाशी आली. फाईल तिने दोन्ही हातांनी छातीशी धरली होती, आणि आवाज अगदी लहानपणचा झाला होता.

“आत्या, मग बुधवारी मी काय नेऊ?”