जाऊबाईंचे गोरोचन

माझ्या थोरल्या जावेला पाच मुले होती आणि मला एकही नव्हते. एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण पाचव्या बाळंतपणानंतर ती अंगाने सुटली, पुरणपोळी खाल्ली की उजव्या बरगडीखाली कळ येऊन गडबडा लोळू लागली, आणि शेवटी नागपूरच्या डॉक्टरने तिच्या पित्ताशयातून सुपारीएवढा खडा काढला. तो म्हणाला, वरचेवर दिवस राहिले की बाईच्या शरीरातले रस पालटतात, चरबी वाढते आणि पित्त घट्ट होऊन त्याचा खडा बनतो. म्हणजे हा रोगसुद्धा लेकुरवाळीचाच. माझ्या पोटात कधी साधा मुरडाही आला नव्हता.

जाऊ आमच्या गावी, केनवडला, परतली ती शिशीत खडा घेऊन. सासूबाईंनी तिला ओवाळून घरात घेतले. गाईच्या पित्ताशयात सापडणारा पिवळा खडा म्हणजे गोरोचन, उगाळून द्यायचे मोलाचे औषध, हे त्यांना ठाऊक होते. मग सुनेच्या पोटचा खडा त्याहून कमी कसा असेल? शिशी देव्हाऱ्यात गेली. बाया दर्शनाला येऊ लागल्या. जाऊ पाटावर बसून शस्त्रक्रियेचे आख्यान लावी आणि दर खेपेला खडा थोडा वाढे. तो सुपारीवरून लिंबावर आला तेव्हा मी ऐकायचे सोडले. घरात शरीरशास्त्राचे पुस्तक वाचलेली मी एकटी, आणि मला त्या खड्याचा हेवा वाटत होता.

एका सकाळी सासूबाईंनी सहाण मांडली, वाटीत दूध घेतले आणि मला हाक मारली. गोरोचनाने कूस उजवते, हे तर पाच लेकरांच्या आईचे, असे त्यांचे गणित. त्यात काही तथ्य नाही हे मला पक्के माहीत होते. तरी मी पदर सावरून समोर बसले.

जावेने देव्हाऱ्यातली शिशी उचलून कमरेला खोवली.

"झिजून जाईन तो, आत्याबाई."

"जरासा तं उगाळतो. तिले लेकरू झालं तं तुहं काय जाते?"

"हे धाकली रोज माह्यासमोर पोळीवर तूप ओतून खाते. मले डाक्टरनं थेंब घेऊ देला नाही. एक तं चीज माह्यापाशी राहू द्या."

सासूबाईंनी सहाण उचलली. दूध मांजराला गेले.

पाच लेकरांच्या आईला माझे काही हवेसे वाटू शकते, हे मला तोवर सुचलेच नव्हते. दुपारी जेवताना मी तिच्यासमोर पाट मांडला आणि माझ्या पोळीवर तुपाची धार जरा जास्तच धरली.