शेंदराखालचा नंबर

रंगाच्या डब्याच्या झाकणावर कसे थर साचत जातात, तसे आमच्या घाटावर किस्से साचलेत. एक खरवडायला जावं, तर खालून दुसरा निघतो!

मी पेंटर. शहाद्यात अर्धं आयुष्य ट्रकच्या पाठी रंगवण्यात गेलं. पुढे तापीवरच्या आमच्या घाटाला नवे फौजदार आले आणि मी ट्रकवरून बोटीवर आलो.

त्याचं असं झालं. फायबरची बोट कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या मागच्या उजव्या कोपऱ्यात एक नंबर कोरलेला असतो, गाडीचा चेसिस नंबर असतो तसा. तिकडे गुजरातच्या हद्दीतून एक पांढरी-निळी बोट चोरीला गेली आणि इकडे साहेबांचा हुकूम सुटला. तोच नंबर दोन्ही अंगांना मोठा रंगवा, आम्ही कोरलेल्याशी ताडून बघणार. नाही जुळला, तर बोट ट्रॉलीवर आणि ट्रॉली ठाण्यात!

सगळ्यात जास्त धसका घेतला हिंमतआप्पांनी. म्हातारा जीव, शेताचा तुकडा नाही, पोट त्या एका बोटीवर. आणि बोट नेमकी पांढरी-निळी! त्यांचं पुढे येईलच.

* * *

पहिली बोट हिरालालची. माझा हात सवयीनं चालला. नंबर घातला, दोन मोर काढले, लिंबू-मिरची काढली आणि मधोमध ठसठशीत लिहिलं, ‘हॉर्न ओके प्लीज’!

साहेब साताऱ्याकडचे. त्यांनी बोटीभोवती एक चक्कर मारली.

“याला हॉर्न कुठाय?”

हिरालालनं फळीखालून शंख काढला आणि असा फुंकला की घाटावरची कबुतरं उडाली.

“हाऊ शे ना साहेब!”

साहेबांनी नियमांचं पुस्तक काढून चाळलं. शंखाला मनाई कुठेच नव्हती. पुस्तक मिटून ते पुढच्या बोटीकडे गेले.

* * *

पुढची बोट भटूची. ती मी काठावर ओढलेली असताना रंगवली. अक्षर काय सुंदर आलं होतं! फक्त नंबर जरा खाली बसला.

साहेबांना भर नदीत बिननंबरी बोट दिसली. शिट्टी मारून बोलावली. माणसं उतरली, बोट हलकी होऊन वर आली, नंबर हजर!

“मगाशी नंबर लपवला होतास?”

“नही साहेब. मानसं बसनात का तो बुडस, उतरनात का निंघस.”

साहेबांचा विश्वास बसेना. ते स्वतः बोटीत चढले आणि नंबराच्या अंगाला बसून खाली वाकले. आता साहेबांचं वजन खात्याला शोभेल असं. ते अंग गपकन दबलं, नंबर पाण्यात! साहेब वाकतायत, पाण्यात बघतायत, अजून वाकतायत.

भटू हात जोडून म्हणाला, “साहेब, तुम्ही उतरा, मंग दिसी!”

* * *

सुपडू आणि नथ्थू हे सख्खे भाऊ. वाटणी झाली तेव्हा भाऊ दोन आणि बोट एक. म्हणून डावी बाजू थोरल्याची, उजवी धाकट्याची! सुपडूनं त्याच्या बाजूला बोटीचा नंबर घालून घेतला. नथ्थू म्हणाला, “मन्ही बाजूले मन्हा ट्रॅक्टरना नंबर टाक.”

“नथ्थूभाऊ, पोलीस धरतील.”

“मन्ही बाजू शे, मी देखी लिसू.”

मग मी कशाला वाद घालू? टाकला.

साहेब दुर्बीण घेऊन काठावर बसले होते. बोट प्रकाशाच्या तीर्थाकडे गेली तेव्हा डावी बाजू दिसली, परतली तेव्हा उजवी. साहेबांनी दोन बोटी मोजल्या, दोन्ही संशयित ठरवल्या आणि दोन ट्रॉल्या मागवल्या.

ट्रॉल्या आल्या. घाटाला बोट एकच!

“दुसरी कुठं लपवली?” साहेब गरजले.

दोघा भावांचं आपसात बोलणं बंद. दोघांनी एकमेकांकडे पाठ फिरवून एकाच दमात सांगितलं, “त्याले इचारा!”

शेवटी मी ट्रॅक्टरचा नंबर पुसला तेव्हा बोट सुटली. दुसरी बोट मात्र हवालदार आठवडाभर शोधत होता.

* * *

हिंमतआप्पांच्या बोटीला दहा माणसांची परवानगी. एक कुटुंब अस्थी घेऊन प्रकाशाला निघालं होतं. साहेबांनी डोकी मोजली. बरोबर दहा. मग त्यांची नजर पुढच्या फळीवरच्या कलशाकडे गेली.

“हे कोण?”

“आम्हना मामा,” भाचा म्हणाला.

“म्हणजे अकरा झाले.”

“साहेब, मामाले सामानमा धरी ल्या ना!”

झालं! मामी उसळली. “सामानमा? जित्ता व्हतात तव्हय बी पुढलाच सीटवर बसेत!”

साहेबांची मती गुंग झाली. अखेर भाचाच उतरला आणि काठाकाठानं चालत गेला. मामा पुढच्या फळीवर बसूनच गेले.

पण त्या मोजणीत साहेब बोटीच्या मागच्या टोकाला पोचले होते आणि तिथंच थबकले.

“आप्पा, रंगवलेला दिसला. हिचा कोरलेला नंबर?”

“शे साहेब,” आप्पा हळूच म्हणाले. “शेंदूरखाले.”

* * *

बोट नवी आली तेव्हा आप्पांची बायको, आमची आक्का, पूजेला बसली होती. कोपऱ्यात काहीतरी कोरलेलं दिसलं. तिला वाटलं, हेच बोटीचं तोंड. तिनं तिथं शेंदूर लावला आणि मग दर पुनवेला लावत राहिली. आक्का गेली, आप्पांनी नेम मोडला नाही. अंगठाभर थर चढला, त्याला चांदीचे दोन डोळेही बसले!

“खरवडा,” साहेब म्हणाले.

सगळा घाट एक पाऊल मागे सरला. शेंदूर खरवडत नसतात. देव आपलं कवच आपण सोडतो.

“सोमवारपर्यंत नंबर दिसला नाही तर बोट ठाण्यात.”

पितृपक्ष तोंडावर आलेला, आप्पांची वर्षाची कमाई त्यातली. मला फार वाईट वाटलं. घाटावरच्या एकाही माणसाला रात्री जेवण गेलं नसेल.

सोमवारी साहेब आले, मागे ट्रॉली. आप्पा म्हणाले, “कौल लावतस साहेब. देव हो म्हने तर काढा.” दोन डोळ्यांखाली दोन फुलं ओली करून चिकटवली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही.

डावं पडलं.

“परत,” साहेब म्हणाले.

परत डावं!

हवालदार आमच्याकडचाच. तो साहेबांच्या कानाला लागला. “साहेब, तुम्ही इचारा. देवले वाटी ऱ्हायनं, आप्पा धाकमा इचारी ऱ्हायना.”

साहेबांनी ट्रॉलीकडे पाहिलं, आप्पांच्या ओल्या डोळ्यांकडे पाहिलं. मग बूट काढले, टोपी काखेत धरली आणि बोटीपुढे हात जोडले.

“मी या ठाण्याचा फौजदार. शासकीय कामासाठी आपला नंबर पाहायचा आहे. कृपया सहकार्य करावं.”

उजवं फूल पडलं.

आप्पांनी नुसता हात लावला आणि अख्खं कवच डोळ्यांसकट ओंजळीत आलं. खाली नंबर लख्ख. साहेबांनी कागदाशी ताडला, अक्षर न् अक्षर जुळलं. कवचाच्या आतल्या बाजूला आक्काच्या हातचा पहिला शेंदूर होता. आप्पा तो छातीशी धरून रडले, आणि खरं सांगतो, मीही रडलो.

मग डोळे पुसून आप्पांनी शेंदराची वाटी साहेबांपुढे धरली. “देवनी तुम्हनं आयकं. आते पयला हात तुम्हनाच!”

साहेबांनी लावला. चांगला भरपूर, नंबरावरच!

महिनाभरानं जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला आले. सगळ्या बोटी पाहून झाल्या. आप्पांच्या बोटीपाशी ते थांबले.

“हिचा कोरलेला नंबर कुठे आहे?”

आमचे साहेब अदबीनं पुढे झाले.

“आहे सर. पण आधी बूट काढावे लागतील.”