अत्तारचाचांचं नाक

माझं झेरॉक्सचं दुकान आणि अत्तारचाचांची टपरी, मधे फक्त एक पत्रा. शेवगावच्या बाजारपेठेत सगळ्यांना धूळ आणि डिझेल हुंगावं लागतं, मला मात्र वीस वर्षं केवडा. गिऱ्हाईक नसलं की मी तिथेच पेंगते.

दुपारी चाचा त्यांच्या धंद्याच्या शब्दाची गोष्ट सांगायचे. 'अत्तार' अरबस्तानातून निघाला, इराणात राहिला, तुर्कस्तानात जाऊन जडीबुटी विकू लागला आणि आपल्याकडे येईस्तोवर त्याच्या पेटीत काजळ, गंगावन आणि गुलालसुद्धा शिरला. अर्धवट झोपेत मला तो शब्द खांद्यावर पेटी घेऊन उन्हातून चालत येताना दिसायचा.

मधे चाचांना मोठा ताप आला. बरे झाले, टपरी उघडली, पुन्हा गिऱ्हाइकांच्या कानात अत्तराचे फाये ठेवू लागले. एका लग्नघरानं पाहुण्यांच्या हाताला लावायला गुलाबाच्या कुप्या नेल्या. दुसऱ्या दिवशी नवरीचे वडील त्यातली एक कुपी घेऊन संकोचत आले.

"चाचा, पाहुन्यांनी लई हात हुंगलं, पन वासच न्हाई हो."

चाचांनी कुपी नाकाशी नेली, मग गुपचूप माझ्यापुढे धरली. आत नुसतं तेल होतं. भरताना तेलाच्या आणि गुलाबाच्या मोठ्या बाटल्यांची अदलाबदल झाली होती. त्यांनी नवा गुलाब भरून दिला, माफी मागितली. ते गृहस्थ गेल्यावर मला म्हणाले, "ताई, तापापासून नाक मेलंय माझं. वासच न्हाई, तर मी कसला अत्तार? बंद करतो टपरी."

माझं डोकंच फिरलं. इतके दिवस लपवलं म्हणून मी त्यांना वाट्टेल ते बोलले आणि मग मलाच रडू फुटलं. "बंदबिंद काही नाही," मी म्हटलं, "तुम्ही भरा, मी हुंगते."

तेव्हापासून ते कुपी भरतात आणि मी वास सांगते. वाळा म्हणजे नव्या माठातलं पाणी. हिना म्हणजे ट्रंकेतली जुनी शाल. चाचा डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात. गिऱ्हाईकही ऐकत थांबतं.

काल पेटी आवरताना तळाशी चमेलीची एक कुपी निघाली. चाचींची. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली. आत थेंबही नव्हता. मी हुंगली, नुसती काच. तरी काहीतरी सांगायला मी तोंड उघडलं.

चाचांनी ती माझ्या हातातून घेतली आणि बराच वेळ नाकाशी धरली.

"ही सांगू नका ताई," ते म्हणाले, "ही येतीय मला."